टेपचं दुसरं टोक

ध्रुवने गच्चीवरचा दिवा घालवला. मनवा चटईवर त्याला चिकटून बसली आणि गुणाजीकाका नेहमीच्या तिखट आवाजात सांगू लागले.

रघुवीर म्हणजे माझ्या पुतणीचा नवरा. खोटं बोलणारा नाही, पण नाकावर राग. हिंदमाताला एका साडीच्या दुकानावर आर्किटेक्टचं ऑफिस आहे, तिथे तो कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा. लालबागची एक चाळ पाडून टॉवर होणार होता. जुनी खोली जेवढी, त्या हिशेबाने नवं घर. खोल्या मोजल्या यानेच, नकाशा काढला तोही यानेच.

त्या चाळीत मालनबाई राहायच्या, मशेरीने बोटं कायम काळी. गिरणी बंद पडल्यापासून साड्यांना फॉल-पिको करून त्यांनी संसार ओढलेला. नवा नकाशा बघून त्या तडक ऑफिसात आल्या. जुन्या खोलीत खाट, कपाट, शिलाई मशीन एका भिंतीला बसत होतं, नव्यात मशीनला जागाच नाही.

"माजी मशीन खंय ठेवू रे? तुझ्या टकलेर?" बाईंनी त्याच्या डोक्याकडे बोट केलं.

"मावशी, कॉम्प्युटर चुकत नाही," रघुवीर खेकसला. "उगाच डोकं खाऊ नका."

चाळ रिकामी करून सगळ्यांना अँटॉप हिलच्या ट्रान्झिट कॅम्पात तात्पुरतं हलवलं, तिथेच बाई वारल्या. त्यांच्या मागे सून अनुजाने तीच मशीन आणि तेच भांडण चालू ठेवलं.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. रविवार होता. सोमवारी सकाळी चाळ पाडायची होती. संध्याकाळी शंतनु सरांचा, म्हणजे त्या आर्किटेक्टचा, फोन आला, "जा, त्या बाईच्या खोलीला एकदा टेप लाव, फोटो काढ आणि मिटव ते प्रकरण." सुट्टी गेली म्हणून रघुवीर दातओठ खातच निघाला. वीज तोडलेली, चाळ रिकामी. मोबाइलची बॅटरी लावून तो वर चढला.

एकट्याने टेप लावणं म्हणजे वैताग. टोक भिंतीला अडकवून मागे सरकलं की टोक सुटे आणि पट्टी सपकन डबीत शिरे. पुन्हा अडकवायचं, पुन्हा सुटायचं. रघुवीरने बाईंना शिवी हासडली.

"मेली तरी छळतेय म्हातारी."

पुढच्या खेपेला टोक सुटलं नाही.

तो समोरच्या भिंतीपर्यंत गेला. पट्टी ताणलेली. फोटो काढला. दहा फूट अकरा इंच. बरोबर. त्याने हेच तर लिहिलं होतं. साइटवर सगळे लिहितात तसं, दहा, टिंब, अकरा...

तेव्हा त्याला चूक दिसली. नकाशा काढण्याआधी कॉम्प्युटरला माप कशात ते सांगावं लागतं, फूट-इंच की दशांश. त्याने ठेवलं होतं दशांश. मग दहा टिंब अकरा म्हणजे दहा फूट आणि वर जेमतेम सव्वा इंच. खोल्या सगळ्या सारख्याच, म्हणजे अख्ख्या चाळीच्या प्रत्येक खोलीतून जवळजवळ दहा इंच गायब. मशीनची जागा.

त्याने पट्टी सोडली.

पट्टी परत आली नाही.

त्याने ओढली. पलीकडूनही कुणीतरी ओढली. हिसका एवढा की डबीच हातातून सुटायला आली. उजेड तिकडे न्यायची हिंमत होईना. मशेरीचा वास आला...

"वाच."

"दहा... अकरा," तो पुटपुटला.

हिसका.

"दहा फूट अकरा इंच!"

पुन्हा हिसका. बोट कापलं.

"माझं चुकलं! मावशी, माझं चुकलं..."

...

पट्टी सपकन परत आली.

खाली येऊन त्याने सरांना फोन लावला. सर म्हणाले, "नकाशा पास झालाय. उद्या चाळ पडली की कोण काय मोजणार? गप घरी जा." ही अशी शिकलेली माणसं! ऐकताना माझंच रक्त उसळलं होतं. रघुवीरचंही उसळलं. फोटो आणि झालेली चूक त्याने रात्रीतच भाडेकरूंच्या ग्रुपवर टाकली. सकाळी चाळ पाडायला जेसीबीवाले आले तर कॅम्पातून आलेले सगळे भाडेकरू दारात उभे. पाडकाम थांबलं, खोल्या सगळ्यांसमोर मोजल्या, नकाशा बदलला. सरांनी रघुवीरला त्याच दिवशी हाकललं. नव्या नकाशात अनुजाच्या मशीनला जागा आहे.

"मग बाई शांत झाल्या?" मनवाने विचारलं.

काकांनी नकारार्थी मान हलवली.

तो टेप रघुवीरने अनुजाला देऊन टाकला. मी पाहिलाय. पट्टीच्या टोकावर मशेरीचा काळा अंगठा उमटलाय, मधोमध चिरलेला. मालनबाईंच्या अंगठ्यातून एकदा मशीनची सुई आरपार गेली होती, तोच व्रण. अनुजाने पुसला, घासला, उन्हात ठेवला.

चार महिने झाले. अंगठा अजून ओला आहे.