धुरा वाचणारं यंत्र

उपकरण केंद्राच्या पत्र्याखाली चार अवजारं रांगेत उभी होती, आणि केंद्र चालवणारा गावंडे त्यांची ओळख लग्नाच्या स्थळांसारखी करून देत होता. हा जरा तापट, हा खर्चिक, हा दिसायला साधा पण कामाचा.

शेताच्या धुऱ्यावरची झाडी काढायला रोटाव्हेटर नको, एवढं निकिताला ठाऊक होतं. तो माती दळतो. धुऱ्यावर फिरवला तर धुराच पावसात वाहून नाल्यात जाईल. श्रेडर दणकट. त्याच्या फिरत्या हातोड्या घाणेरीचा, बोरीचा जागच्या जागी भुगा करतात, पण मुळं तशीच राहतात, म्हणजे दिवाळीपर्यंत घाणेरी पुन्हा कमरेएवढी. तिसरी लांब हाताची कातर. ट्रॅक्टर शेतात उभा ठेवायचा आणि कातरीनं झुडपात हात घालायचा. निकिताचा ट्रॅक्टर लहान होता. हात बाहेर निघाला की तो एका अंगाला कलणार, म्हणून पलीकडच्या चाकात पाणी भरावं लागणार.

चौथं अवजार म्हणजे तीच कातर, फक्त मनगटाला ताटाएवढी काळी तबकडी. मूळवाचक.

गावंडेचं म्हणणं पडलं की श्रेडर न्यावा, दुपारपर्यंत मोकळं व्हावं. मूळवाचक वेळखाऊ. शिवाय धुऱ्याचे दोन्ही धनी समोर उभे राहिल्याशिवाय तो पातं फिरवत नाही.

"अन् शुभमभाऊ काही येनार नाही तुमच्यासमोर," तो म्हणाला.

"येतील. मूळवाचकच द्या."

का, ते तिनं सांगितलं नाही.

*

का, ते असं.

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. निकिताचा नवरा वैभव आणि दीर शुभम यांची वाटणी झाली तेव्हा हा धुरा एक माणूस चालेल एवढाच होता. पहिल्याच नांगरणीला वैभव धाकट्या भावाला एक शब्द बोलला: कोरतोस. दरवर्षी धुऱ्याला लागून नांगराचं एखादं तास, म्हणजे एक ओळ, जास्त मारायचं आणि शेजाऱ्याची जमीन गुपचूप आपल्यात ओढायची, याला कोरणं म्हणतात. भावाला देण्यासारखा यापेक्षा वाईट शब्द त्या गावात नाही.

तेव्हापासून धुऱ्याला कोणी विळा लावला नाही. जो हात लावेल तो चोर. घाणेरी माजली, बोरी माजल्या, आत रानडुकरं राहायला आली. मागच्या हंगामात एका डुकरिणीनं वैभवची मांडी फाडली. जखम भरून आली, पण वैभव शेताकडे फिरकेना. धुरा साफ झाला नाही तर यंदा पेरणी नाही, शेत विकून टाकू, असं त्यानं भिंतीकडे बघत सांगितलं होतं. निकितानं तेव्हाच ठरवलं होतं की शेत विकू द्यायचं नाही.

आणखी एक गोष्ट होती. वैभव नांगरताना कडेचं एक तास सोडून देतो, हे ती दरवर्षी बघत होती. कोणी त्यालाही तोच शब्द परत करू नये म्हणून. झाडीपलीकडचं काही दिसत नव्हतं, पण आपण सोडतो तेवढं भाऊजी तिकडून खात असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. माणसं बोलत नाहीत, तर मुळं बोलतील. श्रेडरनं डुकरं गेली असती. तिला पुरावाही हवा होता.

*

शुभम आला. डुकरांचा बंदोबस्त, एवढाच निरोप तिनं धाडला होता. धुऱ्याच्या तोंडाशी, रस्त्यालगत, तो डोक्याला दुपट्टा बांधून उभा राहिला आणि ट्रॅक्टरच्या चाकाला म्हणाला, "दादाचा पाय?"

"चालतो," निकिता म्हणाली.

कंपनीनं यंत्राला पुण्याचा आवाज दिला होता. तो ऐकून लोकांना कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटे, म्हणून गावंडेनं तो बंद केला होता. आता यंत्र नुसतं पडद्यावर लिहायचं.

हात लांबला. तबकडी झुडपांवरून सावकाश सरकू लागली. ती जमिनीत लहरी सोडते आणि मुळांवर आपटून परत येणाऱ्या लहरी टिपते. मूळ दरसाल अंगाला एक वर्तुळ चढवतं, त्यावरून वय कळतं. जुनं मूळ पडद्यावर लाल, कोवळं पिवळं. धुरा जिथे कोरलेला असतो तिथे लाल मुळं कडेला तुटलेली दिसतात. निकिता ती तुटलेली कड शोधत होती, पलीकडच्या बाजूला.

आत कुठेतरी डुकरीण घुरघुरली.

पडद्यावर मधोमध एक बारीक लाल रेघ उमटली, अखंड. तिच्या दोन्ही अंगांना नारिंगी. मग पिवळं. इकडे जेवढं, तिकडे तेवढंच.

गावंडेनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "इथं कोनीच कोरलं नाही," तो म्हणाला. "दोघायनंबी सोडलं. धुरा दोन्हीकडून फुगला."

शुभमनं दुपट्टा सोडला, पुन्हा बांधला. मग हळूच सांगू लागला, की एक तास तोही सोडत आला, दादानं पुन्हा तसं म्हणू नये म्हणून. अन् दरवर्षी त्याला वाटे की,

"दादाच खाऊन राह्यला."

निकिताकडेही बोलायला हेच वाक्य होतं, फक्त नाव बदलून.

*

आता यंत्रानं रेषा मागितली. रेषेशिवाय ते कापत नाही. दोन्ही धन्यांनी आपली हद्द पडद्यावर बोटानं आखायची, एकाची दुसऱ्याला दिसू न देता. मग यंत्र मध्य काढतं.

शुभमनं पाठ फिरवून आखली. लगेच आखली.

निकितानं बोट लाल रेघेवर नेलं. न्याय तिथेच होता. पण भाऊजींनी मागे सरून आखली असेल आणि आपण थेट मधोमध, तर? बोट आपोआप अलीकडे आलं. आणखी अलीकडे. पिवळं संपतं तिथे, आपल्या पिकाच्या अगदी कडेला, तिनं रेषा ओढली.

यंत्र थांबलं. पडद्यावर ओळ आली.

दोन्ही रेषांच्या मधे जागा उरते.

गावंडे खो खो हसला आणि मग हसणं आवरलं. जिथे तिथे रेषा एकमेकींवर चढतात, तो म्हणाला, त्यावरून डोकी फुटतात, आणि यंत्र त्यासाठीच बनवलंय. मधे उरलेल्या जागेचं काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही. जी जागा कोणाची नाही, तिथे ते पातं घालणार नाही. कोणीतरी आपली म्हटल्याशिवाय घाणेरी तशीच, डुकरं तशीच, यंदाही.

"तुमी म्हना, वहिनी," शुभम म्हणाला.

"तुम्ही म्हणा, भाऊजी."

इंजिन नुसतं चालू होतं. लांब केलेला हात झुडपांवर अधांतरी थरथरत होता. पडद्यावर नवी ओळ आली.

ही जागा कोणाची?

निकिताला घरी भिंतीकडे तोंड करून पडलेला वैभव दिसला. पुढे होऊन एकच शब्द बोलायचा होता: माझी. तिनं तोंड उघडलं. इतक्या वर्षांनी वैभवच्या घरातल्या कोणी हा शब्द उच्चारला, तर शुभमला त्यात काय ऐकू येईल, डुकरांचा बंदोबस्त की कोरणं?