हुपरीवाल्यांची हजेरी

शालूबाईची हजेरी लावावी की लावू नये, या एका प्रश्नापायी अक्षताला बुधवारी रात्री दीडपर्यंत झोप आली नाही. शेजारी चार वर्षांची प्रीती सर्दीनं घुरघुरत झोपली होती. पोरीच्या नाकाची काळजी करायची सोडून आपण दुसऱ्याच बाईच्या हजेरीची काळजी करत बसलोय, म्हणजे आई म्हणून आपण कितपत पास, हाही प्रश्न मधूनमधून डोकं वर काढत होता. त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं, म्हणून ती परत पहिल्या प्रश्नाकडं वळायची.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिचं कॉलेज भरायचं, संध्याकाळचं. शाळा अर्ध्यात सुटलेल्यांसाठी एक वर्षाचा वर्ग. तो पास झाला की मुक्त विद्यापीठातनं बी.ए.ला बसता येई. पण हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेचा फॉर्मच जात नसे. शालूबाई हुपरीची, यंदा तिकडनं येणारी ती एकटीच, वय बत्तीस. दिवसभर घरी बसून पैंजणांना घुंगरं जोडायची आणि सांजच्या एस.टी.नं वर्गाला यायची. तिचे होते तेवढे सगळे खाडे करून झाले होते. आणखी एक दिवस बुडाला की वर्ष गेलं. पुढच्या वर्षी पाठवणार न्हाय, असं नवऱ्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

एस.टी. तर रोजच उशिरा. म्हणून वर्गात एक जुनी रीत होती. हुपरीवाल्यांची हजेरी आधी लावून टाकायची, माणसं मागनं येतातच. अक्षता जूनमध्ये नवी लागली, तेव्हा तिला हे जरा खोटं वाटलं होतं. मग दया वाटली. मग सवय झाली.

गुरुवार, चोवीस नोव्हेंबर दोन हजार पाच. साडेसहाला ती एका कडेवर प्रीती आणि दुसऱ्या काखेत रजिस्टर घेऊन जिना चढली. पोरीला शाल गुंडाळून शेवटच्या बाकावर, शालूबाई बसायची तिथंच, निजवलं. हजेरी घेतली. शालूबाई आली नव्हती. अक्षतानं क्षणभर पेन हवेत धरलं आणि तिच्या नावापुढं 'ह' लिहून टाकला.

सात दहाला वीज गेली.

"लोडशेडिंग. आता आठाशिवाय यायचं नाव नको," ऋतुराज म्हणाला. हा दिवसा गॅरेजात काम करायचा. सगळे उठून बाहेर जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसले. तिथं शिपाई बाळासोमामा डब्याच्या झाकणावर मेणबत्ती चिकटवत होते. कॉलेज निघालं त्या दिवसापासनं ते इथंच. पुढच्या महिन्यात रिटायर होणार होते.

"मामा, सांगा की एखादी भुताची," साडीच्या दुकानात कामाला असणारी तेजस्वी म्हणाली.

"भुताची न्हाय सांगत मी. झाल्याली सांगतो."

"म्हंजे भुताचीच की!"

"तू आधी गप बस. मॅडम बी बसल्यात, काय म्हणतील?"

मॅडम खाली रस्त्याकडं बघत होत्या.

"माझ्या वळखीचा एक शिपाई हुता," मामांनी सुरू केलं. "आसल्याच एका कॉलेजात. शहाण्णव साल. जानेवारीची अकरा तारीख. त्या वर्गात तानाबाई म्हणून एक हुती, हुपरीकडचीच. लई हुशार. गणितात तर सरांची चूक काढायची. तिची बी गाडी रोज उशिरा. सर भला माणूस. आधीच हजर लावून टाकायचे."

"आपल्यावाणीच की," ऋतुराज हसला.

"व्हय. आपल्यावाणीच."

मामांनी ज्योत नीट केली.

"त्या दिवशी ती आलीच न्हाय. वर्ग सुटला. साडेनवाला शिपाई कुलूप लावत हुता, तवर फोन वाजला. तिचा भाऊ, गावातल्या बूथवरनं. 'आमची ताना आलती का वर्गाला?' शिपायानं रजिश्टर उघडलं. बघितलं तर हजर. म्हणाला, 'आलती की पावणं. यील आता.' फोन ठिवला. घरला गेला. जेवला. काय जेवला ते बी याद हाय त्याला. आमटी-भात."

कुणी हसलं नाही.

"भाऊ आन चार माणसं रात्रभर कोल्हापूर हुडकत हुती. स्टँड. दवाखानं. ह्या राजारामपुरीच्या सगळ्या गल्ल्या. आन ती..."

मामांनी मेणाचा ओघळ नखानं खरवडला.

"ती गाव सोडून आलीच नव्हती. थांब्याकडं चालत निघालती. उसाची ट्रॉली आली मागनं. बिनलाइटीची. ती पाटात पडली. घरापासनं अर्धा मैल बी न्हाय. हाक मारली आसंल... पर तिकडं कोण हुतं? सगळी हिकडं. उजाडताना सापडली. डॉक्टर म्हणाला, चार वाजंस्तवर जीव हुता."

खाली एक रिक्षा गेली. तिचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

"सरांनी तिचं नाव लाल शाईनं खोडलं. दुसऱ्या दिवशी बघितलं... तर खोडल्याल्या नावाम्होरं 'ह'."

"कुणीतरी चेष्टा केली आसंल," तेजस्वी म्हणाली. आवाज बारीक.

"रजिश्टर कपाटात. किल्ली एकच. शिपायाजवळ."

"...मग?"

"मग रोज. मार्चपतोर रोज. सर सोडून गेले. शिपाई कुठं जाणार? त्याला दुसरं काय येत हुतं?"

ओळखीचा शिपाई. अक्षतानं मनात हिशेब केला, आणि करायला नको होता असं तिला वाटलं. या कॉलेजला आजवर शिपाई एकच होता.

पावणेआठ झाले होते. हुपरीची गाडी कितीही उशीर झाला तरी सव्वासातला पोचायची.

आणि ऑफिसातला फोन वाजला.

मामा उठले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले. फोन वाजत राहिला.

"मामा..."

"तुमी घ्या, मॅडम." त्यांनी वर बघितलं नाही. "माज्यानं न्हाय हुणार."

अक्षता अंधारात चाचपडत ऑफिसात गेली. रिसीव्हर उचलला.

"हॅलो, कॉलेज का? शालू पोचली का वो?" पुरुषाचा आवाज. नवरा. "सहाच्या गाडीला म्हणून निघालती. त्याच गाडीनं गेलेल्या एकाचा फोन आलता, ती गाडीत नव्हती म्हणतो..."

'आली आहे' हे दोन शब्द जिभेवर तयार होते. सवयीनंच. नोकरीची भीती होती, शालूबाईच्या वर्षाची होती. तिनं ते गिळले.

"नाही आली. ऐका... मी तिची हजेरी लावलीय, पण ती खोटी आहे. ती इथं आलेलीच नाही. इकडं कुणाला पाठवू नका. थांब्याच्या रस्त्यानं बघा. पाट, उसाच्या कडा, सगळं. आत्ता जावा!"

"व्हय... व्हय मॅडम." फोन कट झाला.

तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला. आत कुठंतरी बरं वाटलं. आयुष्यात एकदा तरी आपण वेळेवर खरं बोललो. ती बाहेर आली, मामांपुढची मेणबत्ती उचलली आणि वर्गात शिरली. तो 'ह' आधी खोडायचा होता. त्या एका अक्षरानं काही होत नाही हे कळत होतं. तरी खोडायचा होता.

टेबलावर रजिस्टर उघडंच होतं. तिनं पेनाचं टोपण काढलं.

शेवटच्या बाकावर प्रीती उठून बसली होती. बाकाच्या अगदी कडेला. आतल्या अंगाला कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी.

"उठलीस व्हय गं पिल्ला?" अक्षता मेणबत्ती घेऊन जवळ गेली.

पोरीचे केस.

आज विंचरायला वेळच झाला नव्हता. तसंच मोकळं डोकं घेऊन आणलं होतं तिला.

आता दोन वेण्या होत्या. घट्ट. सरळ भांग पाडलेला.

वर्गाला दार एकच. त्या दारासमोरच सगळे बसले होते. आत कुणी गेलं नव्हतं.

तिनं वेणीला हात लावला. केस ओले होते. बोटाला बारीक चिखल लागला.

"प्रीती... कुणी घातल्या?"

पोर शेजारच्या रिकाम्या जागेकडं मान करून बघत राहिली, कुणाचं तरी बोलणं पुरं व्हायची वाट बघावी तशी. अक्षताच्या हातात उघडं पेन तसंच होतं.

मग प्रीतीनं आईकडं बघितलं.

"शालूमावशी इचारतीया," ती म्हणाली, "तिची हजेरी लावली न्हवं?"