उसवलेली कॉलर

दिवा असू द्या तसाच. अंधाराची भीती नाही मला, पण टेबलावर काय काय पडलं आहे ते दिसत असलं की हल्ली बरं वाटतं.

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. लोकांच्या बिघडलेल्या वेबसाइट दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. या धंद्यात गिऱ्हाईक दोन प्रकारचं येतं. एकाची साइट आपोआप बिघडलेली असते आणि दुसऱ्याच्या साइटला हुशार भाच्याने हात लावलेला असतो. ज्या मावशींची गोष्ट सांगतोय, त्यांच्या बाबतीत भाचाच होता. घरातला एक ब्लॉग त्याने जुन्या होस्टिंगवरून, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवरून, उचलून नव्या, स्वस्त होस्टिंगवर नेला. त्यानंतर पहिलं पान तेवढं उघडायचं. बाकी कशावरही बोट ठेवा, ‘पान सापडलं नाही’ अशी पाटी. फोटो तर सगळेच गायब. मग भाचा नोकरीच्या कामावर निघून गेला आणि फोन उचलेनासा झाला.

मावशींनी मला फोन केला तो दुपारी जेवणाच्या वेळेला.

“जुन्या जागेवरचं सगळं आज संध्याकाळी सहाला पुसणार आहेत म्हणे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही घरीच याल का हो? मला पडद्यावरचं दिसत नाही.”

मला वाटलं, चष्मा मोडला असेल. गेलो. चौथ्या मजल्यावरचा लहानसा फ्लॅट. साठी उलटलेल्या बाईंनी दार उघडलं आणि माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाल्या, “या. चपला डावीकडे काढा, उजवीकडे माझ्या असतात.” तेव्हा कळलं, त्या जन्मापासून आंधळ्या होत्या. आयुष्यभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून काम केलेलं. आवाज असा स्वच्छ, की कोणीही रांगेत मुकाट्याने उभं राहावं.

खोली एकच म्हणा ना. खिडकीशी टेबल, त्यावर संगणक. माझ्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दाराशी, वेताची एक रिकामी खुर्ची. तिच्याजवळ झाकण घातलेलं शिलाई मशीन. सगळीकडे मशीनच्या तेलाचा बारीक वास.

“ब्लॉग ताईचा,” मावशी म्हणाल्या. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघींनी लग्न केलं नाही, जन्मभर एकत्र राहिल्या. ताई लोकांचे कपडे दुरुस्त करायची. शेवटची तीन-सव्वातीन वर्षं गुडघे गेले आणि ती खुर्चीला खिळली. मग रोज खुर्चीतून दिसेल त्याचा एक फोटो काढायचा आणि ब्लॉगवर टाकायचा हा उद्योग तिने सुरू केला. फोटोखाली वर्णन. खिडकीत कोण बसलंय, पडद्यावर ऊन कुठवर आलंय, धाकटीच्या केसांत पांढरे किती झालेत. फोटो जगासाठी, वर्णन बहिणीसाठी. संगणकाचा आवाज ते मोठ्याने वाचायचा आणि मावशी खिडकीशी बसून ऐकायच्या.

“आठ महिने झाले तिला जाऊन,” त्या म्हणाल्या. “जुनीच रोज एक ऐकते. मला घर दिसतं ते तेवढंच. ते गेलं तर मग खरंच काही दिसायचं नाही हो मला.”

 मी बाह्या सरसावल्या आणि कामाला लागलो.

धंद्याचा माझा एक नियम आहे, आधी प्रत, मग हात. दुरुस्ती करायच्या आधी असेल नसेल ते सगळं उचलून आपल्याजवळ ठेवायचं. मी माझी डिस्क जोडली, जुन्या होस्टिंगवरून सगळं खाली उतरवायला लावलं आणि तोवर पानांचे पत्ते सरळ केले. ते काम दोन मिनिटांचं होतं. पत्त्यांची मांडणी पुन्हा जतन करायची, बस. भाच्याने तेवढंच केलं नव्हतं. एक हजार एकशे बेचाळीस पानं पटापट उघडायला लागली. फोटो मात्र त्यांचा कप्पाच मागे राहिल्यामुळे नव्हते. फोटोच्या जागी रिकामी चौकट, आणि चौकटीत ताईचं वर्णन.

“फोटो यायला वेळ लागेल, मावशी. साडेपाच तरी होतील.”

“फोटो मला काय करायचेत? ते जगाचे. पण ताईला चालायचं नाही अर्धवट.” त्या हसल्या. “तिला अर्धवट काही बघवायचं नाही. उसवलेलं दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. एकदा पाहुण्याच्या अंगावरच बाही शिवून टाकली होती तिने, त्याचा चहा होईपर्यंत!”

मी हसलो. त्यांनी संगणकाला वाचायला सांगितलं आणि तो सपाट आवाज सुरू झाला. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. धाकटीने ओढणी उलटी घेतली आहे. मी डिस्कवर उतरणाऱ्या फायली मोजत होतो आणि मध्येच कान जात होता. खरं सांगतो, बरं वाटत होतं ऐकायला.

चारच्या सुमाराला पान ताजं केलं, तर पानांचा आकडा एक हजार एकशे त्रेचाळीस झालेला. माझीच नजर चुकली असेल म्हणून सोडून दिलं. तेवढ्यात आवाज म्हणाला, “आज. टेबलाशी एक माणूस पाठमोरा बसला आहे. निळ्या चौकडीचा शर्ट. डोक्यावर मधोमध टक्कल पडायला लागलं आहे. कॉलरची शिवण डाव्या बाजूने उसवली आहे.”

टकलाचं मला घरात कोणी बोललं नव्हतं. कॉलरचंही नाही. मी हात मागे नेऊन चाचपली. डाव्या बाजूला बोट आत गेलं.



“तुमचा शर्ट निळा आहे का हो?” मावशींनी हळूच विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “पांढरा.” का खोटं बोललो, माहीत नाही.

“ताई रंगात कधी चुकायची नाही,” त्या म्हणाल्या, आणि चेहऱ्यावर असं काही उमललं की मला त्यांच्याकडे बघवेना.

मी मनाची समजूत घातली. भाच्याने काहीतरी खोडी करून ठेवली असेल. नव्या सर्व्हरचं घड्याळ चुकीचं असेल, जुनंच एखादं पान वर आलं असेल, निळे शर्ट जगात काय कमी आहेत? मागे वळून पाहिलं. खुर्ची रिकामी. पुन्हा पडद्याकडे तोंड केलं, तेव्हा वेत करकरला. खुर्चीतून माणूस उठताना वेत करकरतो तसा.

पाच वाजले. दिवस कलायला लागला. मावशींच्या ते लक्षात यायचं काही कारणच नव्हतं. मी बटण शोधून दाबलं, दिवा लागला नाही. “दिवे गेलेत सगळे,” त्या म्हणाल्या. “ताईनंतर बदललेच नाहीत. मला काय करायचेत?” मग मी पडद्याच्या उजेडात बसून राहिलो.

“आज,” आवाज म्हणाला. मी पान ताजं केलं नव्हतं. “माणूस जवळून. कानामागे घाम आलेला आहे.”

“अगंबाई,” मावशी कुजबुजल्या. “उठली वाटतं खुर्चीतून... गुडघे बरे झाले असतील का हो?”

 मी उठून सरळ दाराबाहेर जाऊ शकलो असतो. पण ऐंशी टक्के फोटो उतरले होते, सहाला तासभरही उरला नव्हता, आणि समोर ही बाई मांडीवर हात ठेवून, मान जरा वाकडी करून, बहीण बोलत असल्यासारखी ऐकत होती. मी बसून राहिलो. शूर म्हणून नव्हे. उठलो तर टेबल आणि खुर्ची यांच्या मधल्या जागेतून जावं लागलं असतं.

नव्वद. त्र्याण्णव. तेलाचा वास आता पाठीमागून येत नव्हता, माझ्या अगदी खांद्याशी होता.

“आज. फक्त कॉलर. दोन टाक्यांचं काम आहे.”

आणि कॉलर हलली. ओढली नाही कोणी. कापड कसं आहे ते दोन बोटांत धरून बघतात ना, तेवढंच.

 शंभर टक्के झाले. मी सगळं नव्या होस्टिंगवर चढवायला लावलं. सहाला सात मिनिटं असताना चौकटी एकामागून एक भरत गेल्या. खिडकी, पडदा, मावशींची पाठ, पुन्हा खिडकी. एक हजार एकशे बेचाळीस फोटो जागच्या जागी. आजच्या तीन चौकटी मात्र रिकाम्याच राहिल्या.

“झालं, मावशी.”

त्यांनी माझा हात चाचपडत धरला आणि रडल्या. “तुम्ही मला माझं घर परत दिलंत,” म्हणाल्या. मी डिस्क पिशवीत टाकली आणि जिन्यावरून उतरत नव्हे, अक्षरशः पडत खाली आलो.

घरी येऊन, सवयीने, ती प्रत माझ्या संगणकावर लावून पाहिली. जपून ठेवायची तर चालते की नाही हे बघायला नको? चालत होती.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी मावशींचा फोन. आवाज पार खचलेला.

“अहो, ताई मला घरातलं काही सांगत नाही हो. त्या दिवसापासून रोज नवं सांगते, पण दुसऱ्याच कुणाच्या घरातलं. पिवळ्या भिंती म्हणते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलीच्या उंचीच्या खुणा केल्यात म्हणते. मी कुणाला ओळखत नाही तिथे. काय चुकलं का माझं?”

मी माझ्या पिवळ्या भिंतीला टेकून उभा होतो. समोरच्या चौकटीवर माझ्या लेकीच्या उंचीच्या खुणा होत्या.

“आजचं ऐका,” त्या म्हणाल्या, आणि फोन संगणकाजवळ धरला.

“आज. माणूस फोन कानाला लावून उभा आहे. निळ्या चौकडीचाच शर्ट. कॉलर आता नीट दिसते.”

मी चाचपली. बोट आत गेलं नाही. बायको समोर कपड्यांच्या घड्या घालत होती.

“ही कॉलर तू शिवलीस?”

“मी कशाला? मला वाटलं, टेलरकडून आणलीस. दोरा मात्र हिरवा लावलाय मेल्याने.”

आता मला सांगा, माझ्या घरातली प्रत आणि त्यांची साइट यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, असूच शकत नाही. पण मी पुसायला बसलो आणि हात थांबला. ताई या प्रतीतच आली असेल, आणि मीच ती पुसली, तर त्या बाईचं काय? शेवटी काहीच न पुसता संगणक बंद केला, डिस्क काढली आणि तशीच त्यांच्याकडे नेली. त्यांच्या संगणकाला जोडून दिली. मग फोनवरून लेकीला सांगून घरच्या संगणकावरचं सगळं पुसायला लावलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याजवळ प्रत उरली नाही.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मावशी श्वास रोखून बसलेल्या.

“आज,” आवाज म्हणाला. “खिडकीशी धाकटी. ओढणी पुन्हा उलटी.”

मावशी हसल्या, रडल्या, ओढणी सुलट केली. “आली गं बाई,” म्हणाल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, लाजायचं काय त्यात? निघताना मात्र त्या दारात म्हणाल्या, “एक विचारू का? तिच्या मशीनच्या डब्यातलं हिरवं रीळ सापडत नाही. सगळं घर चाचपून काढलं. तुमच्या पिशवीत तर चुकून गेलं नाही ना?”

“नाही, मावशी.” या वेळी खरं बोललो होतो.

ही गोष्ट परवाची. काल सकाळी लेकीच्या दप्तराचा तुटका पट्टा शिवलेला निघाला. दुपारी माझ्या पँटचा खिसा, पडद्याची खालची दुमड, उशीचा अभ्रा. सगळीकडे हिरवा दोरा, बारीक, सरळ टाके. आणि आज मावशींचे सकाळपासून सात फोन आले. मी एकही उचललेला नाही. काय विचारणार आहेत ते मला कळतं. ताई आज काही बोलली नाही, तुमच्याकडे आहे का, एवढंच.

रीळ ते बघा, तुमच्या पेल्याजवळ. आज संध्याकाळी इथेच सापडलं. हात लावू नका.

तुम्ही येण्याआधी मी सगळं घर पालथं घातलं. कपाटं, गाद्या, पायपुसणी, लेकीच्या बाहुल्या. उसवलेलं, फाटलेलं काही म्हणता काही राहिलेलं नाही.

आणि त्या रिळात खोचलेली सुई अजून ओवलेली आहे.