ज्या ओढीने हात उठतो

पडद्यावरची रेघ आजही सपाटच होती.

दिगंबर सामंतने आयुष्यभर प्रवासी लाँचचं सुकाणू फिरवलं होतं. पक्षाघातानंतर तोच उजवा हात आता मांडीवर नुसता पडून होता. मेंदू आणि हात पुन्हा जोडणारं यंत्र, मज्जासेतू, त्याच्या डोक्याला लावलेलं होतं. समोर त्याची मुलगी केतकी तळवा पुढे करून उभी होती.

“बाबा, धरा ना.”

बोटही हललं नाही. ती कसनुसं हसली आणि चहा आणायला बाहेर गेली.

“मज्जासेतू बिघडलाय का?” डॉ. नसरीन मुकादमांनी विचारलं.

“नाही,” अभियंता पारुळेकर म्हणाले. “माणसाला तीव्र ओढ लागली की मेंदूत डोपामाइनची लाट उठते. त्याच क्षणी सेतू हाताकडे जाणाऱ्या नव्या जोडण्या पक्क्या करतो. ज्या ओढीने हात पहिल्यांदा उठतो, तिच्याशीच तो बांधला जातो. कुणाचा हात नातवासाठी उठतो, कुणाचा पेटी वाजवण्यासाठी. यांच्यात लाटच उठत नाही.”

नसरीन दिगंबरकडे वळल्या. “वर्षानुवर्षं दारू घेतली की मेंदू या लाटा तिच्यासाठीच राखून ठेवतो. बाकी सगळं फिकं पडतं. काका, तुम्ही सोडली म्हणाला होतात ना?”

दिगंबरने मान खाली घातली. पक्षाघात आला त्या दिवशीही तो प्यायलेला होता. केतकीच्या लग्नात तो मांडवात पोचलाच नव्हता, अड्ड्यावर पडला होता. त्यानंतर त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, आणि तीही मोडली होती. पोरीपेक्षा बाटली मोठी आहे, हे आज यंत्राने परक्या माणसांसमोर सांगून टाकलं होतं.

पारुळेकरांनी दारूच्या वासाची एक कुपी उघडली.

“नको,” नसरीन म्हणाल्या. “हात त्या ओढीवर शिकला तर कायमचा दारूचा होईल.”

“सेतू आता बंद केलाय. फक्त लाट उठते का, ते बघू.”

वास नाकात शिरला आणि रेघ उसळली. दिगंबरचं सगळं शरीर पुढे झुकलं. नेमक्या त्याच क्षणी दार उघडलं. केतकीच्या हातात चहा होता. तिने कुपी पाहिली, मग बापाचा चेहरा पाहिला.

“बाबा, अजूनही?”

पारुळेकर दचकले. कुपी बंद करायच्या गडबडीत त्यांचं कोपर बटणावर पडलं आणि सेतू सुरू झाला. पडद्यावर पहिलीपेक्षा दुप्पट उंच लाट उठली. दिगंबरचा उजवा हात मांडीवरून सुटला, वर आला आणि त्याने आपलं तोंड झाकून घेतलं.

पारुळेकर पडद्याकडे बघत पुटपुटले, “तोंड लपवायची ओढ. तीही ओढच.”

हात आता त्या ओढीचाच झाला. एकटा असला की तो लाकडासारखा पडून राही. केतकी समोर बसली की दिगंबर आतून शरमेने जळे आणि त्या आगीवर हात चाले. तो शर्टाची बटणं लावू लागला, चमच्याने जेवू लागला. दारूशी मात्र त्याला व्यसनमुक्तीच्या वॉर्डात वेगळं झुंजावं लागलं, कारण बाटली उचलायला डावा हात धडधाकट होता. एकदा तो घसरला, पुन्हा उभा राहिला. केतकी येत राहिली.

एके दुपारी तो पेज खात असताना ती हळूच म्हणाली, “बाबा, मी पुष्कळ रागावले होते तुमच्यावर. आता नाही. खरंच नाही.”

त्याने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग शोधला, कीव शोधली. दोन्ही नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला तिच्यापासून लपावंसं वाटलं नाही.

चमचा वाटेतच थांबला. बोटं सैल पडली, चमचा निसटला आणि पेज त्याच्या लुंगीवर सांडली. हात मांडीवर येऊन निपचित पडला.

“अगंबाई! डॉक्टरांना बोलावू?” केतकी घाबरून उठली.

काय झालं ते दिगंबरला कळलं होतं. हात परत हवा तर तिच्यासमोर पुन्हा तोंड लपवावं लागेल असं काहीतरी करावं लागेल, हेही कळलं होतं.

“नको,” तो अडखळत म्हणाला. “बस. तूच भरव.”