एकेचाळीस डबे

पहिल्याच सभेत तिनं गावाला सांगून टाकलं, "माझा कॅमेरा मठ्ठ आहे."

"मठ्ठ म्हणजे किती?" पुढच्या रांगेतून पंपवाले काकांनी विचारलं. तळ्यावरचा पंप त्यांनी तीस वर्षं चालवला होता. यंत्राची बुद्धी जोखल्याशिवाय ते त्याच्यावर भरवसा टाकत नसत.

"समोरून हत्ती गेला तरी पत्ता लागणार नाही. सहा महिने एका जागी गप्प उभं राहील, तेवढंच त्याला दिसतं."

"मग आमच्या जावईबापूंचा फोटो झकास येईल," शिलाईवाल्या मावशी म्हणाल्या. जावईबापूंसकट सगळे हसले आणि सभा तिथंच जिंकल्यात जमा झाली.

ती फोटो काढणारी. कलाकारांना वर्षभर राहायला जागा देणाऱ्या एका संस्थेनं तिला इथं पाठवलं होतं. अट एकच, की काम तळ्याबद्दल असावं आणि गावाला बरोबर घेऊन व्हावं. बंद पडलेल्या पंपघराचा वरचा मजला तिला मिळाला. दोन खोल्या, उंच खिडक्या, आणि खिडकीतून दिसणारं सगळंच्या सगळं तळं.

तळ्याविषयी गावातला कुणीही छाती फुगवल्याशिवाय बोलत नसे आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. काठावर कपडे रंगवण्याचा कारखाना होता तेव्हा पाणी सोमवारी जांभळं तर गुरुवारी हिरवं असायचं. कारखाना बंद पडला, मालक निघून गेला, रंग मात्र राहिला. मग गाव कुणाची वाट बघत बसलं नाही. अकरा वर्षं दर रविवारी बादल्या, फावडी, दोऱ्या घेऊन माणसं उतरली, गाळ उपसला, काठानं वेत आणि लव्हाळे लावले. आता काठाशी पाण्यात तळ दिसत होता आणि बदकं आली होती. "बदकांना आम्ही आमंत्रण दिलं नव्हतं," काका म्हणायचे, "ती ऐकून आली."

तिची पद्धत साधी होती. पत्र्याचा रिकामा डबा घ्यायचा, आतून काळा रंगवायचा, सुईच्या टोकानं एक भोक पाडायचं, समोर फोटोचा कागद लावायचा आणि झाकण बंद करून डबा भिंतीला करकचून बांधायचा. मग सहा महिने विसरून जायचं. सूर्य रोज त्या कागदावर एक कमानदार रेघ ओढतो. घरं, टेकडी, झाडं सावकाश उमटतात. माणसं, कुत्री, सायकली येतात नि जातात, त्यांचा मागमूसही उरत नाही.

चाळीस घरांनी चाळीस डबे बांधले. एकेचाळिसावा तिनं पंपघराच्या गच्चीवर बांधला. ज्यानं त्यानं आपल्याला आवडेल तिकडे डब्याचं तोंड करायचं होतं. सगळ्यांनी तळ्याकडेच केलं. गावानं तिचं नाव डबेबाई ठेवलं आणि तिला ते मनापासून आवडलं, कारण आधीचं नाव फार वाईट होतं.

त्या आधीच्या नावाची गोष्ट अशी. आठ वर्षांपूर्वी एका फोटोतून तिनं विजेचा एक खांब पुसला होता. एकच. तिच्याच सरांनी भिंग लावून तो पकडला आणि भर प्रदर्शनात सांगितलं, "ही मुलगी खोटं बोलते." खांब गेला आणि त्याच्याबरोबर अब्रूही गेली. लोक तिला 'खांबवाली' म्हणायला लागले. त्या दिवसांत एकट्या ताईनं तिची साथ सोडली नाही. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, जिभेनं तिखट आणि जिवाला जीव देणारी. ती म्हणाली होती, "खांब पुसलास ते चुकलंच. आता असं काहीतरी करून दाखव, की त्यात हात घालायला जागाच राहणार नाही." डबे त्यातून आले होते. या कामात बंद डब्याला बोटही लावता येत नाही. हे प्रदर्शन म्हणजे आठ वर्षं अडकून पडलेलं तिचं नाव होतं. ते सोडवून आणायचं होतं.

सहा महिने झाले. डबे उतरवले. पडदे लावून तिनं मावशींचा डबा आधी उघडला.

कागद सुरेख आला होता. या कागदावर सगळं उलटं उमटतं. आकाश काळपट, जमीन फिकट, सूर्याच्या रेघा गडद. टेकडीवरचा मनोरासुद्धा ओळखू येत होता. तिनं स्वतःलाच शाबासकी दिली. मग तिला पाण्यात एक पांढरट डाग दिसला.

ओल लागली असेल, ती म्हणाली. भिंग लावलं. ओल नव्हती. गुडघाभर पाण्यात कुणीतरी उभं होतं. पाठमोरं. बाई की पुरुष, सांगता येईना.

सहा महिने हललं नाही तरच माणूस या कागदावर उमटतो. तासभर उभा राहिला तर त्याचा धूरही उरत नाही. आणि पाण्यात पडलेल्या सूर्याच्या रेघा त्या आकृतीच्या कडेशी येऊन थांबत होत्या आणि पलीकडून पुन्हा सुरू होत होत्या. एकूण एक रेघ. म्हणजे प्रत्येक दिवशी ते तिथं होतं.

तिनं दुसरा डबा उघडला, तिसरा उघडला. जेवणवेळेपर्यंत सगळे एकेचाळीस उघडून झाले. आकृती सगळ्यांत होती. तळ्याच्या चारी काठांवर डबे होते. उत्तरेकडून पाहा, दक्षिणेकडून पाहा, सगळीकडून दिसत होती ती पाठच.

ती घाबरली नाही, आधी चिडली. कुणीतरी मस्करी केली असेल तर ती कशी, हे शोधायला तिनं गावाचा नकाशा पसरला, प्रत्येक डब्यापासून दोरा ताणला. सगळे दोरे एकाच ठिकाणी भेटले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना घेऊन ती होडीनं तिथं गेली. काकांनी लांब बांबू पाण्यात सोडला. बांबू संपला, काकांचा हात कोपरापर्यंत बुडाला, तळ लागला नाही.

"इथं गुडघाभर पाणी कधी होतं?" तिनं विचारलं.

"माझ्या जन्मात नाही," काका म्हणाले. मग बांबू वर ओढत, "पण मी कालच तुमच्या टेबलावर पाहिलं. थोरली बहीण आहे आमची. गेली त्याला वीस वर्षं झाली."

"इथं राहायच्या?"

"छे. लग्नानंतर कधी आलीच नाही इकडे. लांब दिली होती." काकांच्या आवाजात भीती नव्हती. शाळेत पहिल्या आलेल्या मुलीबद्दल सांगावं तसं ते सांगत होते.

मावशींनी चष्मा चढवून कागदाकडे पाहिलं आणि लगेच पदर सारखा करावा तशी केसांवरून बोटं फिरवली. "ह्यांची पाठ," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं सदरे शिवलेत मी त्या पाठीचे. माप चुकेल होय माझं?"

बेकरीवाल्याला वडील दिसले. शाळेतल्या बाईंना मैत्रीण दिसली. तोच कागद, तीच आकृती. बेकरीवाल्याच्या नव्या सुनेला मात्र कुणीच ओळखू येईना. तिचं माहेर, आजी-आजोबांसकट, धडधाकट होतं आणि आजेसासऱ्यांना तिनं पाहिलंच नव्हतं. "कुणीतरी उभं आहे एवढंच दिसतं," ती ओशाळून म्हणाली. जणू परीक्षेत नापास झाली होती.

डबेबाईनं वहीत सगळं नीट लिहून काढलं. कुणाला कोण दिसलं, ते माणूस कधी गेलं. तिच्या लक्षात आलं, की ज्यांचं जवळचं कुणी गेलेलं नाही त्यांनाच ती आकृती परकी दिसते. शेवटच्या ओळीत तिनं लिहिलं: मी – अनोळखी.

त्या ओळीचा तिला अभिमान वाटला. आजी-आजोबा तिनं पाहिलेच नव्हते, आईबाबा ठणठणीत होते, ताई तर घोड्यासारखी होती. बाकीच्यांचं मन त्यात अडकलं होतं, तिचं नव्हतं. या सगळ्यात निखळ साक्षीदार कुणी असेल तर आपणच, असं तिनं ठरवून टाकलं.

प्रश्न उरला तो मांडायचं काय याचा. हे कागद उजेडात टिकत नाहीत. पाहता पाहता काळे पडतात. म्हणून त्यांची यंत्रावर नक्कल घेतात आणि ती टांगतात. पण नक्कल टांगली असती तर जग म्हणालं असतं, आधी खांब पुसला, आता माणूस घातला. आकृती असलेले कागद बाजूला ठेवावेत, तर एकही उरत नव्हता.

तिनं ठरवलं, मूळ कागदच टांगायचे. भर दिवसा, उघड्या खिडक्यांसमोर. पाहायचं त्यानं पाहून घ्यावं, भिंग लावायचं त्यानं लावावं, मग जातील तर जाऊ देत. आणि तिनं सरांना स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं: भिंग घेऊन या.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. "बसमध्ये बसतेय. दोनला पोचते. मला काय दिसणार गं तुझ्या फोटोत?"

"काही नाही. तू ये तर."

"न येऊन सांगते कुणाला! सरांचं तोंड बघायला येतेय मी, फोटो बघायला नाही."

अकरा वाजता पंपघराचे पडदे सरकले. गाव नवे कपडे घालून आलं होतं. प्रत्येक घर आपापल्या चौकटीसमोर खुर्च्या मांडून बसलं होतं आणि परगावच्या पाहुण्यांना मोठ्या आवाजात सांगत होतं, हा आमचा डबा, ही आमची भिंत, हे आमचं तळं. आणि हे आमचं माणूस.

सर बारा वाजता आले. थकले होते, पण भिंग तेच होतं. ते एकेका कागदापाशी वाकले, कडा पाहिल्या, मागची बाजू पाहिली, रेघा मोजल्या.

एकेचाळिसाव्या कागदापाशी ते फार वेळ उभे राहिले.

"हा इथं कधी आला?" त्यांनी विचारलं.

"कोण, सर?"

"धाकटा मुलगा आमचा. रुसला की असाच पाठ करून उभा राहायचा." त्यांनी भिंग खिशात ठेवलं. ते दोनदा चुकून खिशाबाहेर गेलं. मग ते वळले आणि आठ वर्षांपूर्वी ज्या आवाजात बोलले होते त्याच आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या कागदांना कुणीही हात लावलेला नाही. मी सांगतो. हे काम खरं आहे."

टाळ्या पडल्या. काका शिट्टी वाजवायला गेले आणि नुसती हवाच निघाली. मावशींनी तिला कवटाळलं. तिला हसू आणि रडू एकदम आलं. आपलं नाव आपल्याला परत मिळालं होतं, आणि ते एका गावानं मिळून मिळवून दिलं होतं. आयुष्यात इतकं ताठ ती कधी उभी राहिली नव्हती.

तिनं घड्याळ पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं. ताईनं हे ऐकायला हवं होतं.

कागद काळे पडत चालले होते. आधी घरं गेली, मग टेकडी, मग सूर्याच्या रेघा. आकृती मात्र काळवंडत नव्हती. एकेचाळीस काळ्या कागदांवर एकेचाळीस पांढऱ्या पाठी उरल्या.

तिनं ताईला फोन लावला. घंटी वाजत होती.

वाजता वाजता तिनं सहज समोरच्या कागदाकडे पाहिलं.

सतरा दिवस ती पाठ तिनं पाहिली होती. भिंगातून, यंत्रावर, पडद्याआडच्या मंद उजेडात. परकी पाठ. आता त्या आकृतीचा एक खांदा किंचित वर होता. पिशवीचा बंद घसरू नये म्हणून काही बायका खांदा उचलून चालतात, तसा. भार एका पायावर. मान जराशी कलती, कुणावर तरी खेकसायच्या बेतात.

तिला कुणीही काही सांगावं लागलं नाही.

घंटी थांबली. तिनं पुन्हा लावला. पुन्हा वाजायला लागली.

मावशींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. त्यांनी शेजारच्या काकांना कोपरानं खुणावलं. काकांनी स्वतःची खुर्ची उचलली आणि तिच्यासाठी त्या चौकटीसमोर मांडली. बेकरीवाल्याची सून दोन पावलं मागं सरकली. आता खोलीत ती एकटीच उरली होती, जिला कुणी ओळखू येत नव्हतं.

"बसा," मावशी हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांत कौतुक मावत नव्हतं. "बसा ना बाई. कोण आलंय तुमचं?"