हेमराजचा फोन ऐकत नाही

बाजाराचा दिवस. कटंगीच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्यात अवेळी, ऐन दिवाळीच्या तोंडावर पाऊस आला. माणसं सापडेल त्या आडोशाला पळाली. तेजराममामाच्या मोबाईलच्या दुकानात त्या वेळी त्याची भाची पौर्णिमा एकटीच होती. एक उंच, ओलाचिंब तरुण थेट काउंटरपाशी आला आणि आपला फोन तिच्यापुढे सरकवून म्हणाला,

"मॅडम, हा ऐकत नाही."

"कोण?"

"फोन. पहिले एका हाकेत आईले लावे. आता म्हणते, समझ में नहीं आया."

त्याचं नाव हेमराज. धानाची पिकअप चालवायचा, कटंगी ते तुमसर. दोन्ही हात स्टेअरिंगवर, म्हणून बाकीची कामं तोंडी. मिलला फोन, आईला फोन, रस्ता विचारणं... सगळं त्या फोनमधल्या बाईला सांगायचं. पौर्णिमाला हे नवीन नव्हतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांना तिनेच फोनशी बोलायला शिकवलं होतं, आणि नातवंडांच्या हातापाया पडणं सुटलं म्हणून त्यांनी तिला आशीर्वादही दिले होते.

तिने फोन उचलला. "आई को फोन लगाओ."

लगेच घंटी वाजायला लागली. हेमराजने घाईघाईने फोन कापला.

"फोन तं चांगला आहे," ती म्हणाली.

"मंग माह्यावरच काहून रुसली ही बाई?"

"तुम्हीच काही बोलले असान तिले."

"नाही हो... म्या अजून कोणालेच काही बोललो नाही."

असं म्हणून तो हसला. ओठ जेमतेम उघडून, अर्धवट. पौर्णिमाला ते हसू आवडलं. लाजरा दिसतो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

पुढच्या बाजाराला तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. तक्रार एकच. पौर्णिमाने माईक साफ केला, भाषा बदलून पाहिली, त्याचा आवाज फोनला नव्याने ओळखवला. तिच्या हातात फोन शहाण्यासारखा वागायचा, त्याच्या हातात अडून बसायचा. आता एवढं न कळायला ती काही दुधखुळी नव्हती! फोन ठणठणीत आहे आणि पोरगा बहाणे करतोय. किती गोड बहाणा! बाजाराच्या दिवशी ओढणी निवडायला तिला अर्धा तास लागू लागला.

"पुढच्या बाजारी बरा होईन का हा?" ती डोळे बारीक करून विचारायची.

"बरा झाला तं मी कसा येऊ?"

ती लटक्या रागाने त्याच्याकडे बघायची, आणि दिवसभर तेच वाक्य मनात घोळवायची.

एकदा तिने भजी पुढे केली. त्याने एक तुकडा खाऊन बाकीची बाजूला ठेवली. "तिखट लागते." ड्रायव्हर माणसाला भजी तिखट! ती खूप हसली. एकदा त्याच्या गालातला तंबाखू-सुपारीचा तोबरा पाहून म्हणाली, "तो खर्रा सोडा आधी." पुढच्या बाजाराला तो म्हणाला, "सोडला. आठ दिवस झाले." आपल्या एका शब्दावर त्याने खर्रा सोडला, या आनंदात तिला त्या रात्री झोप लागली नाही.

असे चार महिने गेले.

मार्चमध्ये एकदा माल उतरवायला जाताना तो फोन दुकानातच ठेवून गेला. आपण फोनला काय काय बोललो ते फोनमध्येच साठून राहतं, आवाजासकट, हे तिला ठाऊक होतं. आपल्याबद्दल याने काही विचारलंय का, एवढं चोरून बघायचं म्हणून तिने ती यादी उघडली.

दसऱ्याचा आवाज मोकळा, खणखणीत होता. दिवाळीच्या तोंडावरचा थोडा जड. जानेवारीतला, तोंडात गरम भात घेऊन बोलावं तसा. कालच्या आवाजात शब्दच सुटे होत नव्हते.

दहा मिनिटांत तिने ते चार महिने ऐकले. त्याचं बोलणं बदललं होतं आणि एकाही माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. जिथे दर दुसरा माणूस गालात खर्रा धरून बोलतो, तिथे कोणाला काय वेगळं वाटणार? आई त्याला अर्ध्या शब्दावर समजून घेत होती. आणि पौर्णिमा तर शब्दांकडे लक्षच देत नव्हती.

तो आला तशी ती म्हणाली, "तोंड उघडा."

"काय?"

"उघडा म्हणते ना!"

दोन बोटांपलीकडे ते उघडेना. जिभेच्या कडेला पांढऱ्या काठाची जखम होती.

"छाला आहे," तो नजर चुकवत म्हणाला. "दिवाळीच्या पहिलेपासून."

"आईले सांगतलं?"

"उगीच घाबरते ती."

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद आल्यावर त्या छाल्याचं खरं नाव सांगितलं. अर्धी जीभ काढावी लागणार होती. जीव वाचेल का, याला डॉक्टरांनी सरळ उत्तर दिलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी पौर्णिमा तुमसरमार्गे नागपूरला गेली. मामाला तिने खोटं सांगितलं नाही, आणि मामा आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. वॉर्डाच्या व्हरांड्यात हेमराज बाकावर बसला होता.

"मले वाटे तुम्ही बहाणा करता," ती म्हणाली. "मले ते आवडे... म्हणून म्या दुसरं काही पाह्यलंच नाही. फोन सांगत होता, हेमराज. चार महिने सांगत होता."

तो सावकाश, एकेक शब्द धरून बोलला.

"पहिल्या दिवशी खरंच ऐकत नव्हता तो. मंग तुले पाह्यलं... मंग मलेच वाटलं, मी बहाणाच करून राह्यलो. म्या बी पाह्यलं नाही." थांबून त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू मले लय आवडते, पौर्णिमा. आजच सांगून घेतो. उद्या सांगता येईन का नाही..."

"हौ," ती म्हणाली.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी त्याला बोलून पाहायला सांगितलं. नाकात नळी होती, गळ्यावर टाके. त्याच्या आईने, सीताबाईंनी, कान लावून ऐकलं, काहीच कळलं नाही, आणि प्रत्येक आवाजाला त्या "हौ बाबू, हौ" म्हणून मान हलवत राहिल्या. ते पाहून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

सीताबाई डोळे पुसत औषध आणायला गेल्या. तेव्हा तो पौर्णिमाकडे वळला आणि काहीतरी बोलला. घोगरे, चिकटलेले आवाज, एकामागून एक.

तिने त्याच्या ओठांकडे, डोळ्यांकडे पाहत ऐकलं. तिला प्रत्येक शब्द कळला. घरी जाय. माह्यासाठी जिंदगी खराब करू नको. आता येऊ नको.

पौर्णिमाने स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं.

"काय म्हणता? समजलं नाही मले."

तो पुन्हा बोलला, जोर लावून. कपाळावर घाम आला.

"नाही समजलं," ती म्हणाली, आणि तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.