पेंढी दुसऱ्यांदा थांबली

बुडालेलं माणूस सापडत नसेल, तर आमच्या तळ्यात ओटच्या काडाची पेंढी सोडतात, तिच्यावर चर्चमधली मेणबत्ती लावून. पेंढी थांबेल तिथे माणूस, असं म्हणतात. माझा विश्वास नव्हता. चाळीस वर्षं या पाण्यावर होडी चालवतोय. वारा नेईल तिकडे काड जातं, एवढंच मला ठाऊक.

पण अट्रॅक्टाला नाही कसं म्हणायचं? तिचा कोलमन बुडून नऊ दिवस झाले होते. पाणबुड्यांनी हात टेकले होते. पुरायला लेक हातात द्या, एवढंच ती बाई मागत होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुकानदार फर्गल वल्ह्यावर बसला. "पोलिसांच्या यंत्राला नाही सापडला, तो गवताला सापडणार! मॅलाकी, लॉटरीचा नंबरही विचारून घे या पेंढीला."

"तोंड नको, वल्हं चालव."

भर दुपार होती. वारा पश्चिमेकडून येत होता. पेंढी पश्चिमेकडेच निघाली. फर्गलने छातीवर क्रूसाची खूण केली.

बेटाजवळच्या लव्हाळ्यात ती थांबली. मी दोरीला बांधलेला लोखंडी आकडा टाकला आणि कोलमन वर आला. चेहरा नुकताच झोप लागल्यासारखा. आम्ही दोघेही लहान पोरांसारखे रडलो. त्याला धक्क्यावर नेऊन आईच्या हवाली केलं. या धांदलीत एक चूक झाली. माणूस सापडला की मेणबत्ती विझवून पेंढी होडीत घ्यायची असते. ती तशीच राहिली.

आणायला मी एकटाच परत गेलो. पेंढी लव्हाळ्यात नव्हती. पलीकडे, मोठ्या खडकापाशी थांबली होती. एवढ्या वाऱ्यात ज्योत हलत नव्हती.

गावातलं दुसरं कोणीच बेपत्ता नव्हतं.

मी आकडा टाकला. जड लागला.

तोच स्वेटर. तेच लाल केस. फक्त हा नऊ दिवस पाण्यात होता, हे दिसत होतं.

मी धक्क्याकडे बघितलं. अट्रॅक्टा मांडीवर डोकं घेऊन लेकाचे केस विंचरत होती.

मी आकडा सोडवला. मेणबत्ती विझवली. देव मला क्षमा करो, तिच्याकडून त्याला पुन्हा काढून घ्यायला माझं मन धजलं नाही.

धक्क्याला लागलो तेव्हा फर्गल लांब जाऊन उभा होता. अट्रॅक्टाने माझं मनगट धरलं.

"मॅलाकी, याचा हात बघ ना," ती हळूच म्हणाली. "ऊब येतेय."

मी हात लावून बघितला. येत होती.